चिंचेखालची मनाई

पंचमीसाठी बहिणीला आणायला मुराळी म्हणून गेलेला जयसिंग खुटबावहून एकटाच परत आला. भागुबाई दारात उभीच होती. त्याच्या मागं कुणी नाही हे तिला लांबूनच दिसलं, तरी तिनं विचारलं, "धुरपी कुठाय?"

"न्हाई धाडली."

"का?"

जयसिंगनं आधी तांब्याभर पाणी घशाखाली ओतलं. आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली की त्याला तहान लागायची.

"तिची सासू म्हणली, तुमच्या उंबरकुंडात पंचमीच बंद झालीया म्हणं. झोका न्हाई, फेर न्हाई, वारुळाला जायला बंदी. मंग सून तिथं धाडून काय करू? हितं बाजरी तणानं भरलीया, चार बायका खुरप्याला मिळंनात. पंचमी असंल तवा या न्यायला."

"आन् तू काय म्हणलास?"

"म्या काय म्हणणार? खोटं थोडीच बोलत हुत्या."

"तुझ्या जिभंला काय हाडूक हुतं का रं?" भागुबाई कडाडली. "मागल्या सालीबी ह्येच. ह्या सालीबी ह्येच. पोरीचं तोंड म्या कवा बघायचं? मेल्यावर?"

तिचं ओरडणं उगाच नव्हतं. माघात धुरपदाचं पोट पडलं होतं, सातव्या महिन्यात. भागुबाई धावत खुटबावला गेली तेव्हा विहीण तानुबाई दोघींच्या मधे उंबऱ्यावर बसून राहिली, उठलीच नाही. लेक भिंतीकडं तोंड करून पडलेली. "खा, पी, जीव सांभाळ" एवढंच बोलून आई परत आली. खरं काय झालं, कसं झालं, पोरीला कुणी काय बोललं, हे आजतागायत तिला माहीत नव्हतं. माहेरी येण्याचा पोरीचा हक्काचा सण एकच, पंचमी. बाकीच्या सणांना तानुबाईकडं शंभर सबबी होत्या. पंचमीला एकही नव्हती. ती आता सरकारनं आणून तिच्या पदरात टाकली होती.

कशी टाकली, ते सांगतो.

उंबरकुंड हे घोड नदीच्या अंगाचं, शिरूर तालुक्यातलं लहानसं गाव. गावाच्या वर गायरानाचा उतरता माळ. माळाच्या कडेला एक जुनी चिंच, चिंचेपासून हाकेच्या अंतरावर नागाचं वारूळ. गावाची सगळी चैन एवढ्या जागेत मावत होती. पोरं तिथं हुतूतू घालायची. चैत्राच्या जत्रेला बाप्ये त्याच उतारावर बैलगाडे पळवायचे. आणि पंचमीला बायका चिंचेला झोका बांधायच्या. बाप्यांना तमाशा होता, तालीम होती, पारावरची पानतंबाखू होती. बायकांना वर्षाकाठी ती एक फांदी.

पंचमीला जमिनीला लोखंड लावायचं नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपं नाही. घरात विळी नाही, चुलीवर तवा नाही, दिंडं उकडून खायची. त्या दिवशी मोटासुद्धा थांबतात. मोट थांबली की तिचा मनगटाएवढा नाडा मोकळा होतो, आणि तोच नाडा चिंचेवर चढतो. चढवायचा मान शेखलालच्या घराचा. त्याचा बाप चढवायचा, पुढं शेखलाल चढवू लागला. का म्हणून, ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी कधी विचारलंही नव्हतं.

मग बांधाचं खातं आलं. माळाची माती दर पावसाळ्यात घोड नदीला मिळत होती, हे खरं होतं. खात्यानं उतारावर आडवे मातीचे बांध घातले, गवत पेरलं, आणि माळाखालच्या भागुबाईच्या विहिरीला वैशाखातसुद्धा पाणी राहू लागलं. हे ती चारचौघांत कबूल करायची. तिचं भांडण बांधाशी कधीच नव्हतं. भांडण पाटीशी होतं. काटेरी कुंपणाला पाटी लावली होती: 'संरक्षित क्षेत्र. आत येण्यास, गुरे चारण्यास व करमणुकीस सक्त मनाई.'

गुरांना वाचता येत नव्हतं. बायकांनाही येत नव्हतं. बाप्यांना येत होतं. त्यांनी पाटी नीट वाचली आणि चैत्रात गाडे पळवले. गाड्यांना वाट पाहिजे म्हणून दोन बांध मधोमध फोडून सपाट केले. खात्यानं चकार शब्द काढला नाही, कारण जत्रेला तालुक्याचे पुढारी फेटे बांधून घ्यायला बसले होते. शिवाय रविवारी कधीमधी पुण्याहून जीप यायची. तिच्यातून बंदूकवाले साहेब उतरायचे, गवतात तित्तर मारायचे. मेलेली पाखरं उचलत त्यांच्या मागनं चालायचा तो शेखलाल. खात्यानं त्यालाच कुरणाचा राखणदार नेमला होता. ज्यानं झोका बांधायचा त्यालाच झोका अडवायच्या कामाला लावला. सरकारला डोकं नसतं असं म्हणतात, ते खोटं आहे.

भागुबाई पदर खोचून निघाली. आधी सरपंचाकडं.

सरपंच आप्पा चावडीच्या ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. चेहऱ्यावर निवडून आलेल्या माणसाची सुस्ती.

"आप्पा, पंचमीला चिंचंला झोका बांधायचाय. परवानगी द्या."

"झोक्याला परवानगी?" आप्पा हसले. "आगं, ते काय माझ्या बापाचं कुरण हाय? खात्याचं हाय."

"गाडं पळवलं तवा कुणाचं हुतं?"

आप्पांची सुपारी अडकित्त्यातच राहिली. "त्याला वरनं तोंडी परवानगी हुती."

"मंग मलाबी वरनं आणा की तोंडी. तोंड तर तुमच्याकडं हायच."

ओट्यावरची दोन टाळकी खी खी करून हसली. आप्पांनी त्यांच्याकडं डोळे वटारून बघितलं.

"भागुबाई, गाडं म्हंजी गावाची परंपरा. झोका म्हंजी बायकांचा पोरखेळ. दोन्हीत फरक हाय. आन् तुला यवढंच असंल तर जा शिरूरला, खात्याच्या हेन्री सायबाला इचार. जा."

आप्पांना वाटलं, जातेय कुठं. भागुबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं शिरूरला गेली.

ओव्हरशियर हेन्री हिवाळे हा शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकलेला, इथलाच. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. त्यानं तिला बाकावर बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग मान हलवली.

"बाई, नियमात करमणुकीला मनाई आहे. माणसं आली की गवत तुडवतात, बांध ढासळतात. एकाला सोडलं की सगळे येतात."

"सगळे येत्यातच की, सायेब. फकस्त आम्ही सोडून."

"म्हणजे?"

"गाडं पळालं चैत्रात. दोन बांध फुटलं. त्ये तुमाला दिसलं न्हाई?"

हेन्रीनं टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "त्याचा रिपोर्ट वर गेला आहे."

"आन् बंदूकवाले येत्यात, ते?"

"ते पाहणीला येतात."

"पाहणी? बंदुकीनं?"

हेन्रीनं पेपरवेट टेबलावर आपटला. मग एकदम वैतागून म्हणाला, "मी काय करू, तुम्हीच सांगा! मी काय त्यांना अडवू? ते माझे साहेब आहेत. त्यांना कोणता नियम दाखवू?"

"त्यांना दावता येत न्हाई म्हणून आमाला दावता व्हय?"

भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत त्यानं उसासा टाकला. "आणि बाई, पंचमीला तर काहीच जमायचं नाही. त्याच दिवशी मोठे साहेब येताहेत तुमच्या माळावर. श्रमदान आहे. चिंचेखालीच नवा चर खणायचा, नवा बांध घालायचा. सरपंचांनीच तो दिवस दिलाय. म्हणाले, सणाची सुट्टी, सगळं गाव मोकळं."

भागुबाईला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. "पंचमीला खणायचं?"

"हो."

"सायेब, तुम्ही हितलंच ना? पंचमीला जमिनीला कुदळ लावत न्हाईत, म्हाईत न्हाई तुमाला?"

"माहीत आहे हो. पण गावालाच चालत असेल तर मी कोण बोलणारा? मला वाटलं, सरपंच बोलतील. आता दौरा ठरलाय. बदलायला सांगितलं तर साहेब माझी चामडी सोलतील." मग हळूच म्हणाला, "माझी आई, दबोराबाई, मिशनच्या आवारातल्या कडुलिंबाला पंचमीला झोका बांधायची. पाद्रीसाहेब ओरडायचे. तरी बांधायची."

"मंग?"

"मग काही नाही. आठवलं, म्हणून सांगितलं."

"तुमच्या आठवणीचं म्या काय लोणचं घालू?" म्हणत भागुबाई उठली.

गावात येऊन ती थेट चावडीवर गेली. "आप्पा, पंचमीला कुदळ? नागाच्या वारुळापाशी?"

आप्पा कसनुसे झाले. "म्हाईत हाय गं. पर सायेब समोर बसलेला, तारीख इचारत हुता. 'न्हाई' कसं म्हणायचं? मला वाटलं, ग्रामसेवक बोलंल."

ग्रामसेवकाला वाटलं होतं ओव्हरशियर बोलेल. ओव्हरशियरला वाटलं होतं सरपंच बोलतील. असं हे आपलं. घरात बायकोवर तोंड सोडणारे आपले शूर पुरुष साहेबापुढं माना डोलवतात, आणि मग डोलवलेली मान सोडवायला कोण येतंय याची वाट बघत बसतात.

"आता त्या दिशी काय करणार?" भागुबाईनं विचारलं.

"बघू त्या दिशी," आप्पा म्हणाले.

घरी येऊन तिनं जयसिंगला पुन्हा खुटबावला धाडलं. "सांग, झोका बांधायचा ठरलाय. सायबाची परवानगी मिळाली म्हणावं."

"मिळाली?"

"न्हाई."

"मंग आई, खोटं…"

"तू नुसता सांग. खोटं माझं हाय, तुझं न्हाई. तू फकस्त हमाल."

पंचमीच्या आदल्या दिवशी जयसिंग बहिणीला घेऊन आला. नावेनं भीमा ओलांडून, पुढं बैलगाडीनं. पण गाडीतून आधी उतरली ती तानुबाई. हातभर बांगड्या, कपाळावर अधेलीएवढं कुंकू, आणि नजर अशी की भिंतीचा पोपडा आपणहून पडावा.

"म्हणलं, बघावं तरी इहीणबाईंचा झोका," ती म्हणाली. "सरकारनं परवानगी दिली म्हणं. लई मोठं काम केलं तुम्ही. उद्या बघते. झोका असंल तर सून ऱ्हाईल चार दिस. नसंल तर संध्याकाळच्या आत गाडी जुंपायची."

धुरपदा मागं उभी होती. काळवंडली होती, मनगटं काडीसारखी झाली होती. आईनं जवळ घेतलं तेव्हा तिचं अंग लाकडासारखं ताठ राहिलं. रात्री स्वयंपाकघरात, जेवताना, अंथरुणावर, सगळीकडं तानुबाई मधे होती. भागुबाईला एक शब्द विचारता आला नाही.

पंचमीची सकाळ उजाडली. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. माळावर कुंपणाची फाटकं सताड उघडी होती. कारण साहेब येणार होते. चिंचेखाली चुन्याची पांढरी रेघ मारलेली, रेघेवर नव्या कुदळी, फावडी, घमेली ओळीनं मांडलेली. गावातले बाप्ये धुतलेली धोतरं नेसून उभे. फाटक उघडं बघून बायकाही लाह्या-दुधाची ताटं घेऊन वारुळाला आल्या. शेखलालनं त्यांना अडवलं नाही. आज अडवायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जीप आली. मोठे साहेब उतरले, हार घातले गेले, फोटोवाला पुढं सरसावला. साहेबांनी भाषण केलं. माती म्हणजे सोनं, मातीला जपलं पाहिजे, मातीला ओरबाडू नका. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब म्हणाले, "चला, उचला कुदळी!"

कुणी हललं नाही.

साहेबांना वाटलं, लाजताहेत. "अहो, या की पुढं!"

एकजण म्हणाला, "दांडा ढिला वाटतोय, सायेब." दुसरा म्हणाला, "माझा खांदा धरलाय सकाळपासनं." तिसऱ्यानं कुदळ उचलली, उलटीपालटी करून बघितली, जशी बाजारात म्हैस बघतात, आणि परत ठेवली. साहेबांनी सरपंचाकडं बघितलं. आप्पांनी कुदळ हातात घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि तसेच उभे राहिले. कपाळावर घाम. कुदळ वर जाईना, खाली येईना.

"काय प्रकार आहे हा?" साहेब हेन्रीकडं वळले.

हेन्री सरपंचाकडं बघू लागला. सरपंच ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवक जीपच्या चाकाकडं.

भागुबाईच्या शेजारून तानुबाई दबक्या आवाजात फुत्कारली, "पंचमीला कुदळ? इहीणबाई, ह्यो झोका दावायला आणलं व्हय मला? चल गं धुरपे, गाडी जुंपाया सांग. असल्या गावात माझी सून एक घटका ठेवायची न्हाई."

धुरपदा निमूट वळली. गाडीच्या बैलासारखी. ते वळणं भागुबाईच्या काळजात खुरप्यासारखं घुसलं. ती बायकांतून पुढं आली आणि चुन्याच्या रेघेवर येऊन थांबली.

"सायेब, ह्ये कुणी सांगणार न्हाईत, म्या सांगते. आज पंचमी हाय. आज जमिनीला लोखंड लावत न्हाईत. ह्या सगळ्यांना म्हाईत हाय. बोलायची छाती कुणाची न्हाई, म्हणून मला बोलायला लागतंय."

"अंधश्रद्धा आहे ही!" साहेब चिडले. "देश कुठं चाललाय…"

"देश कुठंबी जाऊं द्या. तुम्ही आत्ता काय म्हणलात? मातीला ओरबाडू नका. आम्ही आज त्येच करतोय. वर्साचा एक दिस आम्ही तुमचा कायदा तुमच्यापेक्षा जास्त पाळतो. नांगर न्हाई, खुरपं न्हाई. आन् तुम्ही नेमकी त्याच दिशी कुदळ घेऊन आलात."

साहेबांचं तोंड लाल झालं. पण समोर फोटोवाला होता, गाव होतं, आणि जेवणाची वेळ झाली होती. साहेबलोकांना अडचणीतून बाहेर काढायला देव नेहमी जेवण पाठवतो. त्यांनी आप्पांच्या हातातली कुदळ घेतली, डोक्याच्या वर उचलली, तशीच धरली. फोटो निघाला. कुदळ खाली ठेवली. "उरलेलं काम पूर्ण करून घ्या, हिवाळे. उद्या संध्याकाळी मला रिपोर्ट पाहिजे," म्हणाले, आणि जीपमधून सरपंचाच्या घरी पुरणाची दिंडं खायला गेले. आप्पा धावत मागं गेले. बाप्येही पांगले.

माळावर हेन्री उरला, शेखलाल उरला, आणि बायका.

"झालं?" हेन्री कपाळावर हात मारून म्हणाला. "आता उद्या एका दिवसात हा चर कोण खणणार? गावातला एक माणूस यायचा नाही उद्या. मला माहीत आहे ना! आज फोटोत होते ते सगळे उद्या शिरूरच्या बाजारात असतील."

खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी शिरूरचा बाजार होता.

"आम्ही खणतो," भागुबाई म्हणाली.

"तुम्ही?"

"बाया. उद्या सकाळपासनं. पार चर खणून, बांध घालून देतो. आज झोका बांधू द्या."

"बाई, करमणुकीला मनाई…"

आता शेखलाल पुढं झाला. "हेन्री सायेब, एक इचारू का? गाड्याची चाकं जमीन फाडत्यात. बैल खुरांनी बांध फोडत्यात. झोक्यावर बसलेल्या बाईचा पाय जमिनीला लागतो का?"

हेन्रीनं त्याच्याकडं बघितलं. मग चिंचेकडं. मग त्या ओळीनं मांडलेल्या, एकदाही न वापरलेल्या कुदळींकडं. आणि त्याला हसू फुटलं, अगदी रडकं.

"बांध बाबा. बांध. पण फक्त आज. आणि उद्या चर."

शेखलाल नाडा आणायला पळाला. लुंगी वर खोचून तो चिंचेवर असा चढला की खाली त्याची बायको हमीदा ओरडली, "आवो, वय बघा! पडलात तर खातं औषिध देनार न्हाई!" वरनं तो म्हणाला, "आगं, बापाची फांदी हाय, टाकायची न्हाई मला." नाडा पडला, गाठ बसली, पाट अडकला. बायकांनी फेर धरला.

तानुबाई सगळं बघत होती. शब्द तिचाच होता: झोका असेल तर सून राहील. तिनं धुरपदाला नुसतं खुणावलं, बस म्हणून. धुरपदा बसली. हमीदानं झोका दिला. झोका वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. बाकीच्या बायका गात होत्या, धुरपदा गात नव्हती. दोन्ही मुठींत नाडा घट्ट धरून ती नुसती जात-येत राहिली. भागुबाईला वाटलं होतं, झोक्यावर तरी पोरगी हसेल. हसली नाही. ज्याच्यासाठी सरपंचाच्या दारात जोडे झिजवले, ती खोटं बोलली, साहेबाला आडवी गेली, ते सगळं ह्या नाड्याला लोंबकळत होतं, आणि पोरगी तर लाकडासारखीच.

तानुबाई संध्याकाळी एकटीच खुटबावला निघाली. जाताना म्हणाली, "चार दिस. पाचव्या दिशी बाजरीत पाहिजे." गाडीत चढताना तिनं एकदा चिंचेकडं वळून बघितलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. बाप्ये खरंच बाजाराला गेले. आप्पा सकाळी एकदा डोकावून गेले, "वा वा" म्हणाले आणि "ऊन हाय" म्हणाले. भागुबाईनं कुदळ मारायची, धुरपदानं माती घमेल्यात भरायची, पुढच्या बाईनं ती बांधावर टाकायची. तानुबाई नव्हती, भिंत नव्हती. होता तो कमरेइतका खोल चर आणि ओल्या मातीचा वास.

दुपार कलली तेव्हा धुरपदा खाली वाकून माती ओढता ओढता एकदम म्हणाली, "आई, पोरगा हुता."

भागुबाईची कुदळ मधेच थांबली.

"त्यांनी मला दावलाबी न्हाई. शेताच्या बांधाखाली पुरला. कुठल्या बांधाखाली, त्येबी सांगत न्हाईत. म्या रोज खुरपायला जाते, आन् रोज भ्या वाटतं, खुरपं त्याला लागंल."

एवढंच. मग ती रडायला लागली. अंग सैल सोडून, आईच्या कुशीत, मातीनं भरलेल्या हातांनी. शेजारच्या बायकांनी मान वळवली आणि हमीदानं उगाच मोठ्यानं कुणाला तरी हाक मारली, घमेलं आण म्हणून. भागुबाईला विचारायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं. तिनं लेकीला धरून ठेवलं, आणि मनात तानुबाईला, सरपंचाला, खात्याला, साहेबाला, बाजाराला गेलेल्या सगळ्या बाप्यांना एकेक करून शिव्या दिल्या. एवढं बोलायला पोरीला सहा महिने लागले. एवढं बोलायला सरकारचा चर लागला.

तिन्हीसांजेला बांध पुरा झाला. बायका घमेली धुऊन घरी गेल्या. भागुबाई आणि धुरपदा ताज्या बांधावर बसून राहिल्या, पाय खाली सोडून. वाऱ्यानं चिंचेचा पाला हलत होता. नाडा सकाळीच उतरवला होता.

शेखलाल फाटकाजवळून खाकरला. जवळ आला. मान खाली घालून म्हणाला, "भागाक्का… काम झालं. आता भाईर यायला लागंल. हेन्री सायेब जाताना सांगून गेलेत. फाटक लावायचंय."

"आमचा बांध हाय त्यो. आत्ता घातलाय."

"व्हय, पर नियम…" तो अवघडून उभा राहिला. "पाटी हाय ना. कुणी इचारलं तर म्या काय सांगू?"

भागुबाईनं धुरपदाचं डोकं पुन्हा आपल्या खांद्यावर टेकवलं. उठायचं नाव काढलं नाही.

"सांग त्यास्नी," ती म्हणाली, "बाया पाहणी करत्यात."